जुनेर, सोनखत आणि शुद्ध माल

दिवाळीच्या फराळाचे सामान भरावयास निघालेल्या पुणेकर गृहिणीपुढे अलीकडे एक नवाच पेच उभा राहू लागला आहे. हरभऱ्याची डाळ घ्यावयाची तर ती नवी आहे की जुनी आणि तिला कीड तर लागलेली नाही ना, एवढेच पूर्वी पाहावयाचे असे. आता दुकानदार विचारतो, "साधी देऊ की सेंद्रिय?" दोहोंच्या भावांतला फरक ऐकून बाई क्षणभर थबकतात, पण घरात लहान मूल असले तर हात आपोआप महागड्या पिशवीकडे जातो. तेच तेलाचे, गुळाचे आणि बाळाच्या दुपट्याचेही.

हा 'सेंद्रिय' शब्द मोठा फसवा आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरियाची गणना सेंद्रिय पदार्थांतच होते. वलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ साली तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला, तेव्हा त्या शास्त्रात केवढी खळबळ उडाली होती! म्हणजे जो युरिया टाळण्यासाठी आपण जादा पैसे मोजतो, तो शास्त्रीय अर्थाने अस्सल सेंद्रियच. असो. शब्द नवा असला तरी त्यामागची काळजी जुनी आहे, आणि या शहरात तिला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो जितका स्वच्छ वाटतो तितका मात्र नाही.

बाळापासूनच आरंभ करू. नवजात बाळाला नवे कोरे वस्त्र लगेच घालावयाचे नाही, असा आपल्याकडे कित्येक घरांत दंडकच असे. बोहारणीच्या बोचक्यात जाऊ घातलेले लुगडे आजी बाजूला काढून ठेवी. धुऊन धुऊन ते इतके मऊ झालेले असे की त्याला कापड म्हणावे की साय म्हणावी, असा प्रश्न पडावा. त्यालाच जुनेर म्हणावयाचे. त्या जुनेराची दुपटी होत, लंगोट होत, आणि राहिलेल्या तुकड्यांची थरावर थर घालून गोधडी शिवली जाई. बाळंतविड्यातली रेशमी कुंची आणि जरीचे टोपडे मिरवण्यापुरते. अंगाला लागावयाचे ते जुनेरच.

हे सारे पाहून आजकाल काही जण गहिवरतात आणि म्हणतात, "पूर्वी सगळे कसे नैसर्गिक होते!" त्यांना थोडे थांबवावे लागेल. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग केला. मंजिष्ठेच्या मुळातून मिळणारा लाल रंग १८६९ पासून कारखान्यातून येऊ लागला, आणि १८९७ साली जर्मन कारखान्यातली नीळ बाजारात उतरली. तेव्हा विसाव्या शतकातल्या आजीचे लुगडे बहुधा गिरणीचे आणि त्याचा रंग बहुधा कारखान्याचा. बाळाला ते बाधत नसे याचे श्रेय निसर्गाला देण्यापेक्षा वीस वर्षांच्या धुण्याला देणे अधिक न्यायाचे. रंग सुटावयाचा तो केव्हाच सुटून गेलेला असे, खळ गेलेली असे. आज परदेशी बाजारात जाणाऱ्या बाळाच्या कापडावर जी.ओ.टी.एस. नावाचा शिक्का असतो. त्यावर नुसते 'सेंद्रिय' लिहावयाचे तर निदान ९५ टक्के धागा सेंद्रिय लागतो, आणि रंग व धुलाई यांचीही तपासणी होते. शेतापासून शिलाईपर्यंतचा कागद त्यामागे असतो. आजीपाशी कागद नव्हता, पण ते लुगडे कोणी नेसले आणि किती वर्षे नेसले, हे तिला ठाऊक होते.

कापडाच्या बाबतीत पुण्याने आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा. पुणे सार्वजनिक सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी १८७२ साली स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते हातच्या सुताची खादी अंगावर घालून गेले. जरीबुट्टीच्या त्या गर्दीत हा जाडाभरडा पोशाख किती उठून दिसला असेल! काकांच्या खादीमागे आरोग्याचा विचार नव्हता. या वस्त्राचा पैसा कोणाच्या घरी जातो, हा त्यांचा सवाल होता. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली, तिच्या मुळाशीही तोच सवाल. आपण आज कापूस कसा पिकला ते विचारतो, पण पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले हे विचारावयाचे बहुधा राहून जाते.

आता भाजीकडे वळू. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण झाले, मुठेचे कालवे वाहू लागले आणि शहराच्या पूर्वेला हडपसर-मांजरीच्या बाजूस ऊस व बागायत फोफावली. बागायत म्हटली की खत आले, आणि उसाला खत लागते ते रग्गड. ते कोठून आले? पुणे शहरातून. नगरपालिका शौचकूपांतला मैला शहराबाहेर नेऊन, केरकचऱ्याच्या राखेत मिसळून, उन्हात वाळवून विकत असे. शेतकऱ्याच्या तोंडी त्याचे नाव सोनखत. प्रथम कोणी त्याला शिवावयास तयार नव्हते. पण शेजाऱ्याचा ऊस कमरेवरून डोक्यावर गेलेला दिसला, तेव्हा विटाळ हळूहळू विरघळला आणि मागणी वाढली. पेठांतून निघालेले सारे मांजरीच्या मातीत जाई आणि भाजी, गूळ होऊन पेठांत परत येई. आजच्या सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांना हेवा वाटावा, असे हे चक्र होते.

परंतु विटाळ विरघळला तो खताचा, खत वाहणाऱ्या माणसांचा नव्हे. टोपल्या आणि डबे डोक्यावरून वाहणारी, पहाटे बोळांच्या मागच्या दाराने येणारी माणसे त्या चक्रात होती. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यातच गेल्या. हे काम कोणाकडून करवून घेण्यास कायद्याने बंदी झाली ती १९९३ साली, आणि २०१३ साली अधिक कडक कायदा करावा लागला. जुन्या काळच्या निर्मळ भाजीचे गोडवे गाताना या माणसांना वगळून चालावयाचे नाही.

या सगळ्याचा मर्म जाणणारा एक माणूस तेव्हा पुण्यातच होता. महात्मा जोतीराव फुले यांची मांजरीला शेती होती, आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी जमिनीचा कस का गेला याची उकल केली आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे, प्राण्यांची हाडेमांसे हे सारे पूर्वी पावसाबरोबर शेतात उतरत असे. जंगलखाते झाल्यापासून शेतकऱ्याचे रान तुटले आणि ते खतही गेले, असा त्याचा आशय. उपाय म्हणून ताली-बंधारे घालून ते पाणी शेतातच जिरवावे, असे त्यांनी सुचवले. सेंद्रिय शेतीचा पाया याहून वेगळा तो काय? शहरात नवी मंडई बांधावयाचे घाटत होते, तेव्हा हा पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्चावा म्हणून याच जोतीरावांनी विरोध केला होता. मंडई झालीच, १८८६ साली तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते बदलले, आणि ज्यांनी विरोध केला त्या फुल्यांचेच नाव मंडईला लागले. पुण्याच्या इतिहासाला विनोदबुद्धी नाही, असे कोण म्हणेल?

पुढे १९३१ साली इंदूरच्या प्रयोगशेतीवरून एक पुस्तक निघाले. शेतातल्या टाकाऊ पालापाचोळ्याचे थर रचून, त्यात शेण-मूत मिसळून खत कसे करावे, हे त्यात सांगितले होते. ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली आणि सर अल्बर्ट हॉवर्ड हे सेंद्रिय शेतीचे एक आद्य आचार्य ठरले. त्या पुस्तकावर दुसरेही एक नाव आहे, यशवंत वाड. ते आपल्याला फारसे कोणी सांगत नाही.

वाण्याच्या मालाची कथा निराळी. तेथे भीती खताची नव्हती, भेसळीची होती. १९३० नंतर डब्यातले वनस्पती तूप आले आणि साजूक तुपावरचा विश्वास उडाला. मिरचीत विटकरीचा भुगा आणि डाळीत लाख, ही तर घरोघरची तक्रार. १९५४ साली भेसळीविरुद्ध केंद्राचा कायदा झाला, पण कायदा काही डबा उघडून वास घेत नाही. तेव्हा १९७४ साली पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. या चळवळीत दहावीस कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याच्या वाणसामानाची यादी करावयाची, माल घाऊक आणावयाचा, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात वाटून घ्यावयाचा अशी रीत रुळली. तांदळात खडे निघाले तर ओरडावयाचे कोणावर? आपल्याच वर! ग्राहकांच्या हक्कांचा कायदा व्हावयास १९८६ साल उजाडले. पण तराजू धरून बसलेल्या या गृहिणी त्याच्या आधीच्या.

सरकारने सेंद्रिय मालासाठी २००० नंतर जी पद्धत घालून दिली, तिच्यात हंगामी पिकाच्या जमिनीला दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रसायनांपासून दूर राहावे लागते. या वर्षांत उत्पन्न घटले तरी मालाला सेंद्रियाचा भाव मिळत नाही. तो तोटा शेतकऱ्यानेच सोसावयाचा. दाखल्याचा खर्च वेगळा. म्हणून दुसरी एक रीत निघाली, तिच्यात शेजारचे शेतकरीच एकमेकांची शेते पाहून ग्वाही देतात. मला ही रीत अधिक आपली वाटते. दिवाणखान्यातल्या तराजूची ती शेतावरची बहीण आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर गावाचा एक प्रसिद्ध अभ्यास छापला. १५६ खातेदारांची जमीन तेथे सातशेहून अधिक तुकड्यांत फाटलेली त्यांना आढळली. त्या तुकड्यांवर आज उंच इमारती आहेत, आणि एके काळी ज्वारी पिकवणाऱ्या या शिवारात भाजी बाहेरून, सेंद्रिय म्हणून, पिशवीतून येते. तिच्या साली परत मात्र शेतात जातातच असे नाही. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुण्याचा कचरा, प्लास्टिकसकट, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या रानात नेऊन टाकला जाऊ लागला. विहिरी नासल्या, तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा रस्त्यावर येऊन कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ज्या दिशेने एके काळी सोनखत जात असे, त्याच दिशेची ही गावे.

घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेण्याचे काम २००८ पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून करते. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. भाजीची देठे वेगळी काढणे त्यांना जड नव्हते. जड होते ते, उघडेच टाकलेले बाळांचे वापरलेले डायपर आणि बायकांचे नॅपकिन हातांनी निवडणे. ज्या घरात जुनेराचे लंगोट होते, त्या घरात हे प्रकार नव्हते. धुण्याचे कष्ट होते, आणि ते बहुधा मोलकरणीचे नाहीतर सुनेचे. २०१३ साली या बायकांनी पिशव्या भरल्या आणि ज्या कंपन्या हा माल बनवतात, त्यांनाच तो परत पाठवून दिला.