शिलेदाराचा घोडा

दिवाळीच्या सुट्टीत शिवकाळातले २५ स्वार रंगवायला घेतले. धातूचे, २८ मिलिमीटरचे. मुद्दाम ठेंगण्या घोड्यांचे निवडले. भीमथडीची तट्टं उंचीला बेताचीच. आणि पंचवीसच का? तर महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे, सभासद बखरीत तसं आहे.

सगळ्यांचे अंगरखे पांढरे, पागोटी लाल, घोडे तपकिरी. रांग झकास दिसत होती. भाच्याने विचारलं, "मामा, यांना गणवेश होता?"

हसलो, आणि अडलो. गणवेश कुठला? बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन चाकरीला येई. घोडा पडला की नुकसान त्याचं, आणि चाकरीचं साधनही गेलं. मी मात्र एका फाशात चार-चार स्वार उचलून डब्यात टाकतो!

शेवटी दहा जण वेगळे काढले, शिलेदार म्हणून पुन्हा रंगवले. एकाचा घोडा अबलख, एकाचा पंचकल्याणी, एकाच्या अंगरख्याला ठिगळ. रांग आता विस्कळीत दिसते. खेळताना त्या ठिगळवाल्याला पुढे काढायला हात धजत नाही. भाचा म्हणतो, अशाने मामा हरणार.

हरू देत. असो.