वादविवादातील पुरावा

वादविवाद स्पर्धेत आपले म्हणणे ग्राह्य ठरावे म्हणून वक्ता जे आकडे, कायदे, निकाल, दाखले किंवा जाणकारांची मते पुढे ठेवतो, तो पुरावा. ब्रिटिश संसदीय पद्धतीत विषय साधारण १५ मिनिटे आधी कळतो, म्हणून भर पाठ असलेल्या माहितीवर राहतो. अमेरिकी धोरण-वादविवादात उतारे स्रोतासह वाचून दाखवतात. मराठी महाविद्यालयीन स्पर्धांत पुष्कळदा दोघांच्या संघातील एक अनुकूल बाजू मांडतो, दुसरा प्रतिकूल. ही रीत फार मोलाची आहे, कारण तोच पुरावा संघातच उलटसुलट तपासला जातो.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. स्पर्धेतील बहुतेक पुरावा शब्दप्रमाणात, म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासार्ह वचनात, मोडतो. असे वचन कोणाचे प्रमाण मानावे? न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्ताचे: ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचे. या दोन अटींपैकी दुसरी स्पर्धक सहसा विसरतात. पद पाहतात, हितसंबंध पाहत नाहीत. न्यायसूत्रांनी सत्यशोधनाचा वाद आणि केवळ जिंकण्यासाठीचा जल्प वेगळे केले, पाच हेत्वाभास (सदोष हेतू) व बावीस निग्रहस्थाने (वादात हार ठरवणाऱ्या चुका) सांगितली.

उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या बेलापूरच्या परिसरात या कसोट्यांना उत्तम साहित्य मिळते. पहिले उदाहरण ओळखीच्या अडचणीचे. दौंड–मनमाड मार्गावरचे बेलापूर स्थानक श्रीरामपूर शहरात आहे, बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावला होता, आणि नवी मुंबईतही एक बेलापूर आहे. तेव्हा ‘बेलापूर’ नावाखालचा आकडा कुठला, हे ठरल्याखेरीज तो वापरूच नये.

दुसरे उदाहरण याच परिसरातील खंडकऱ्यांचे, म्हणजे जमीन खंडाने देणाऱ्या शेतकऱ्यांचे. शेतकऱ्यांनी खासगी साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकांनी त्या परत मागितल्या. यावर वाद रंगला तर करारपत्र व्यवहाराच्या अटी सांगेल, सातबारा नोंदीच्या वेळचे हक्क आणि पीकपाणी सांगेल, कायदा सरकारचा अधिकार सांगेल. करार करताना शेतकऱ्यावर किती दबाव होता, हे मात्र यांपैकी एकही कागद सांगत नाही. तिथे कुटुंबांच्या आठवणी लागतात. त्या भावनिक म्हणून परीक्षकाने बाजूला सारू नयेत; सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि निरनिराळ्या गावांतल्या आठवणी जुळतात का, हे प्रतिपक्षाने विचारावे. महामंडळाच्या अहवालालाही तीच उलटतपासणी लागू आहे, कारण जमिनीच्या प्रश्नात महामंडळ स्वतः एक पक्ष आहे.