आगरातला अंदाज

वसईच्या खाडीचा दक्षिण काठ हा मिठाचा काठ. भाईंदर, नवघर, खारी, राई, मुर्धे ही गावे खाजणाच्या कडेने वाढली. पावसाळ्यात भात आणि पाऊस सरला की मीठ, असे इथल्या आगरी कुटुंबांचे वर्ष पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मीरा-भाईंदरचा इतिहास सांगताना घोडबंदरचा किल्ला येतो, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी घेतलेले धारावीचे बेट येते. मिठागरे मात्र एका ओळीत उरकली जातात. त्या ओळीत मीठ पिकवणाऱ्याची पारख मावत नाही. पाणी कधी आत घ्यायचे, कधी पुढच्या वाफ्यात सोडायचे, मीठ कधी ओढायचे, हे तो हिशेब मांडून ठरवत नसे. डोके कामाला लागायच्या आधी हात-पाय कामाला लागलेले असत.

वरवर पाहता मीठ करणे सोपे वाटते: समुद्राचे पाणी अडवा, उन्हात आटवा. प्रत्यक्षात एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि ते सगळे काही खायचे मीठ नसते. पाणी आटत जाते तसे ते एकामागून एक खाली बसतात. आधी चुना, मग जिप्सम. पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आले की खरे मीठ धरू लागते. त्यानंतर मॅग्नेशियमचे कडू क्षार. मिठाच्या वाफ्यात पाणी घाईने सोडले तर मिठात जिप्सम उतरतो. उरलेले पाणी काढायला उशीर झाला तर मीठ कडवट होते आणि हवेतला ओलावा ओढून पाझरू लागते. मधली जागा अरुंद आहे. ती नेमकी गाठणे हीच आगरातली खरी कारागिरी.

ही जागा आकड्यात मोजायची सोय आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने 1768 साली केली. त्याची काचेची नळी पाण्यात सोडली की ती जितकी वर तरंगेल तितके पाणी दाट. समुद्राचे पाणी त्या मापाने तीन-साडेतीन अंश भरते, मीठ पंचविसाच्या आसपास धरते आणि एकोणतीस-तीसच्या पुढे कडू क्षारांची हद्द सुरू होते. पण कोकणच्या किनाऱ्यावर मीठ पिकत होते ते या नळीच्या कितीतरी आधीपासून, आणि खाण्याजोगे पिकत होते. मग ते अंश कोण वाचत होते?

डोळे वाचत होते, बोटे वाचत होती. दाट झालेले पाणी बोटांना जड आणि बुळबुळीत लागते. त्याचा रंग गुलाबी-तांबूस होतो, कारण इतक्या खाऱ्या पाण्यात तगणारे सूक्ष्म शैवाल आणि जिवाणू त्यात वाढलेले असतात. मग एके दिवशी पाण्यावर दुधाच्या सायीसारखा स्फटिकांचा पातळ पापुद्रा धरतो. वारा जोराचा असला तर तो मोडतो आणि दाणा बारीक पडतो. वारा मंद असला तर दाणा टपोरा येतो. तळ पुरेसा घट्ट झाला आहे की नाही, हे अनवाणी टाचेला कळते. पावसानंतर वाफ्यांची जमीन तुडवून, ठोकून कडक करावी लागते. ती मऊ राहिली तर मिठात चिखल येतो आणि आटवलेले पाणी जमिनीत मुरते. यातली एकेक खूण शब्दांत सांगता येते. पण सकाळी बांधावर उभे राहून रंग, वारा, ऊन, पापुद्रा आणि टाचेखालची जमीन यांचा एकाच क्षणी निर्णय होतो, तो सांगून शिकवता येत नाही. पोरे थोरांच्या मागून चालत शिकत.

राज्यकर्त्यांच्या दप्तरात यातले काहीच आले नाही. 1890 च्या मुंबई मीठ कायद्याने परवाने, पहारे, साठे आणि दंड बारकाईने बांधून टाकले, कारण सरकारला मिठात महसूल दिसत होता. 1923 साली तर कर दुप्पट करून मणाला अडीच रुपये केला गेला आणि गदारोळानंतर पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. मिठावरचा कर उठला तो थेट 1947 मध्ये. मीठ किती मण निघाले, याची नोंद इतकी वर्षे ठेवली गेली; ते कुणाच्या नजरेने पिकले, याची एकही नाही. शिकलेल्या माणसाने ज्याला ‘अंदाजपंचे’ म्हणून हिणवले, त्यावर सरकारची तिजोरी भरत होती. हा अन्याय आहे आणि तो स्पष्टपणे सांगायला हवा.

अशा अंदाजात असते काय, याचा छडा मानसशास्त्राने पुष्कळ उशिरा लावला. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातला बुद्धिबळाचा पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर निष्णात खेळाडू तो बराचसा जसाच्या तसा मांडत, नवखे अडखळत. सोंगट्या वाटेल तशा विखरून मांडल्या की मात्र दोघांतला फरक जवळपास पुसला जाई. निष्णाताची स्मरणशक्ती अचाट नव्हती, त्याला मांडण्या ओळखीच्या झाल्या होत्या. पुढे 2009 साली डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोघांनी, एरवी मतभेद असूनही, एका गोष्टीवर एकमत केले: परिस्थितीत नेम असेल आणि चुकीची जाणीव लवकर होत असेल, तरच माणसाच्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवावा.

या दोन्ही अटी भाईंदरच्या आगराला तंतोतंत लागू पडतात. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला उधाण येते, तेव्हा उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, उचलून पाणी आत घ्यायचे. मधल्या अष्टमीच्या भांगाला भरती कमी चढते. डिसेंबर ते मे आभाळ बहुधा कोरडे, रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. चुकले तर थोड्याच दिवसांत मीठच सांगते. इतका नेमाचा आणि इतका कडक मास्तर मिळाल्यावर हाताला वळण लागणारच.

तोच मास्तर पश्चिमेला उत्तन, पाली, चौकच्या कोळ्यांनाही मिळाला. त्यांच्याकडे निदान भरतीचे गणित तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करायची आणि तेवढे तास बारापासून मोजायचे. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबईच्या किनाऱ्यावर ते बऱ्यापैकी जुळते. पण डोल जाळ्यापाशी हे गणित अपुरे पडते. डोल म्हणजे समुद्रात एका जागी रोवून ठेवलेली लांबलचक पिशवी. प्रवाह तिच्या तोंडातून बोंबील, जवळा, कोलंबी आत लोटतो. प्रवाह उलटायच्या आत जाळे उचलावे लागते, नाहीतर आत आलेले बाहेर निघून जाते. तिथी तास सांगते. पाणी थबकले, तो क्षण मात्र तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, दोराच्या ताणावरून आणि होडीच्या डुलण्यावरून उमगतो आणि तो हाक देतो. त्या हाकेमागचे कारण विचारले तर नीट उत्तर मिळेलच असे नाही. तरीही ती मनाची लहर नसते.

पुढे शहर आले. विरारहून मुंबईला पहिली लोकल 12 एप्रिल 1867 रोजी धावली ती याच खाजणांच्या मुलुखातून. पण वस्तीचा लोंढा आला तो शतकभरानंतर. 1985 साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. आगराची जमीन मिठापेक्षा इमारतीला महाग झाली. त्यातच 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आली, आणि असे जाडे मीठ कारखान्यांच्या व बर्फाच्या कामाकडे वळले. जी थोडी आगरे उरली, त्यांतल्या पुष्कळ घरांतली मुले नोकरीला लागली. मागून चालणारे पाय कमी झाले.

त्याहून मोठा घाव नेमावर बसतो आहे. फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी पाऊस एका सरीत महिन्याभराचे आटवलेले पाणी पातळ करून टाकतो. नोव्हेंबर 2009 मधले फयान, डिसेंबर 2017 मधले ओखी, मे 2021 मधले तौक्ते ही वादळे याच समुद्रातून आली आणि कोळ्यांच्या होड्यांना किनारा धरायला लावून गेली. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था आता मासळीचे पट्टे आणि समुद्राचे इशारे मोबाइलवर पाठवते. तांडेल ते पाहतात, आणि पाहायलाच हवेत. वादळाची बातमी दोराच्या ताणातून येत नाही. जाळे कधी उचलायचे हे मात्र तो इशारा सांगत नाही. आणि वाफ्यातले मीठ आज ओढायचे की आणखी चार दिवस थांबायचे, हे ठरवणारा माणूस आजही बांधावर उभा राहूनच ठरवतो.