रिफॅक्टरिंग म्हणजे काय? जुना कोड न बिघडवता कसा बदलायचा?

प्रोग्रॅमचं काम तेच ठेवून आतला कोड नीटनेटका करणं म्हणजे रिफॅक्टरिंग. युझरला फरक दिसत नाही, पण पुढचे बदल सोपे होतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे हा शब्द सगळीकडे पोचला.

गरज काय?
१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीने नवा कोड सुरू केला. ८ पैकी एका सर्व्हरवर तो टाकायचा राहिला. तिथे २००३ पासून न वापरलेला कोड पडून होता आणि त्याला चालू करणारा जुना फ्लॅगच नव्या फीचरसाठी वापरला होता. झोपलेला कोड जागा झाला, चुकीच्या ऑर्डर सुटत गेल्या. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान!

मग काय करायचं?
• व्हेरिएबलला 'एक्स' नको, 'एकूण बिल' असं अर्थ सांगणारं नाव द्या.
• एका फंक्शनला एकच काम द्या.
• न वापरलेला कोड काढून टाका. गिट वापरत असाल तर जुनी प्रत तिथे राहतेच.
• आधी टेस्ट लिहा आणि प्रत्येक छोट्या बदलानंतर चालवा. फेल झाली, तर शेवटचा बदल मागे घ्या.
• साफसफाई आणि नवं फीचर एकत्र करू नका. नाहीतर बिघाड कशामुळे झाला ते कळणार नाही.