पडण्याची मुभा : सातमाळेचा कडा आणि शहरातली भिंत

देवळ्यात येऊन चढाईविषयी बोलायचं, हे जरा धाडसच. चांदवडकडून भावडबारी घाट ओलांडताना मनात आलं, की सातमाळेच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना कडा म्हणजे काय ते मी काय सांगणार! म्हणून सुरुवात तुमच्या कड्यापासून न करता मुंबईतल्या एका बंद हॉलपासून करतो.

मागच्या पावसाळ्यात भाचीनं मला तिथं नेलं. गोदामासारखी जागा. आत प्लायवूडच्या भिंती, काही सरळ, काही अंगावर येणाऱ्या. त्यांवर बोल्टनं बसवलेले रंगीत तुकडे, त्यांना होल्ड म्हणतात. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट, आणि त्या वाटेला तिथे ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, अगदी गणितासारखं. पायात रबरी तळाचे घट्ट बूट, हाताचा घाम टिपायला चॉकची पांढरी पावडर. भिंत चार-साडेचार मीटर उंच. दोर नाही. खाली मात्र सगळीकडे फूटभर जाडीची गादी. हे बोल्डरिंग.

तिथल्या प्रशिक्षकानं मला आधी चढायला शिकवलंच नाही. त्यानं पडायला शिकवलं. गुडघे वाकवा, मागे लोळा, हात टेकू नका. मग मी चढलो, निम्म्यावर अडकलो. बोटं भरून आली. भाची खालून ओरडतेय, ‘मामा, सोड ना हात! गादी आहे!’ आणि माझा हात सुटेना.

का सुटेना? आजचं व्याख्यान या प्रश्नावर आहे.

आपल्याकडे कडा हा माणसाला अडवण्यासाठी होता. सातमाळेचे किल्ले बघा. धोडप, राजधेर, इंद्राई, कांचना. खरी तटबंदी निसर्गानंच उभी केलेली. जिथे डोंगर पुरेसा उभा नव्हता, तिथे तो तासून उभा केला. वर जायला कातळात कोरलेली एक वाट, आणि तीही अरुंद. ती वाट ज्याच्या ताब्यात, त्याचा किल्ला. आणि रांग ओलांडायच्या खिंडी ज्याच्या ताब्यात, त्याचा मुलूख. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना शिवाजी महाराजांचं सैन्य याच कांचन-मंचनच्या बाजूनं ही रांग ओलांडत होतं, आणि दाऊदखानानं त्यांना पलीकडे दिंडोरीजवळ गाठलं.

आता १८१८ मध्ये या. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट. एप्रिलमध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेनं राजधेर घेतला, मग त्र्यंबक, आणि भोवतालचे किल्ले पटापट पडले. पण घेतलेला किल्ला उद्या पुन्हा कुणी बंडखोरानं बळकावला तर? प्रत्येक डोंगरावर पलटण ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यावर उपाय सोपा निघाला. पायऱ्याच फोडायच्या. पायऱ्या गेल्या की किल्ल्याचा पुन्हा नुसता डोंगर होतो. राजधेरला तुटलेल्या वाटेवर आज लोखंडी शिडी आहे. इगतपुरीकडच्या अलंगला तर अजून दोर लागतो. हरिहरचा जिना सुदैवानं वाचला. कॅप्टन ब्रिग्जनं तो पाहिला, तेव्हा त्याला शिडीचीच उपमा सुचली.

म्हणजे बघा, पायऱ्या खोदल्या त्याही सत्तेसाठी आणि फोडल्या त्याही सत्तेसाठी. या सगळ्यात कड्यावर चढणारा माणूस दोनच प्रकारचा. एक हुकमानं चढणारा शिपाई. दुसरा पोटासाठी चढणारा, मध काढणारा, गवत कापणारा, चुकलेली शेळी शोधणारा. दोघांनाही पडणं माफ नव्हतं. जो पडला तो गेला. त्यामुळे चुकत चुकत शिकण्याची सोयच नव्हती. जे येत होतं ते बापाकडून मुलाकडे जायचं, आणि बाकी सगळ्यांसाठी कडा म्हणजे भीती. माझा हात सुटला नाही तो या जुन्या शहाणपणामुळे.

यात बदल कधी झाला? १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि मुंबईत ‘गिरिविहार’ स्थापन झाली. मुंबईची पोरं मुंब्र्याच्या, कान्हेरीच्या दगडांवर सराव करू लागली. केवळ चढायचं म्हणून चढणं आपल्याकडे रुजलं. १९८६ मध्ये डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकानं हरिहरचा कडा चढला, तो आज ‘स्कॉटिश कडा’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटिशांनी ज्या मुलखात वाटा मोडल्या, तिथेच एक ब्रिटिश माणूस मुद्दाम बिनवाटेनं चढला! दोर आला, तशी पडण्याची थोडी मुभा मिळाली.

पूर्ण मुभा दिली ती भिंतीनं. १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन हे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक होते. हिवाळ्यात मुलांना बाहेर चढता येईना. त्यांनी काय केलं? विद्यापीठातल्या एका बोळाच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. आजच्या सगळ्या चढाई-जिमचा वंश तिथून धरता येतो. तिकडे हिवाळा, आपल्याकडे पावसाळा, अडचण तीच. आपला काळा कातळ भिजला, शेवाळला की चार महिने हात लावायची सोय नाही.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. गिरिविहारनं बेलापूरच्या नैसर्गिक दगडांवर स्पर्धा घेतल्या, आणि २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक टप्पा नवी मुंबईत भरला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला.

त्या हॉलमध्ये मी भाचीला एकच प्रॉब्लेम सोडवताना बघत होतो. ती नऊ वेळा पडली. प्रत्येक वेळी गादीवर बसून वर बघायची, बोटांनी हवेत हालचाल करायची, पुन्हा जायची. दहाव्या वेळी तिला जमलं. कड्याच्या इतिहासात इतक्या वेळा चुकण्याची परवानगी कुणाला होती? भिंत जुनीच आहे हो, नवीन शोध गादीचा आहे.

पण इथेच एक धोका आहे. गादीवर कमावलेली ताकद कड्यावर उपयोगी पडते, गादीवर कमावलेली बेफिकिरी मात्र जीव घेते. राजधेरच्या शिडीखाली, हरिहरच्या जिन्याखाली गादी नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून रविवारी गडावर येणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्ही डोंगराखालचे लोकच सांगू शकता.

आणि दुसरं. तुम्ही म्हणाल, हे मुंबई-पुण्याचे, तिकीट काढून करायचे लाड. शहरातली मुलं पैसे मोजून खोट्या कड्यावर जातात, आणि खऱ्या कड्याखालची मुलं शिकायची राहतात. पण लीड्सचा बोळ आठवा. तिथे मोठा हॉल नव्हता. एक भिंत होती, दगडाचे तुकडे होते आणि एक शिक्षक होता. डोक्याच्या उंचीपर्यंतच होल्ड, वर न जाता आडवं सरकत जायचं, खाली गाद्या आणि जवळ एक जाणता माणूस. शाळेच्या एका भिंतीवर एवढं बसतं.

देवळ्याच्या मुलांना कडा आहेच. त्यांना पडायची सुरक्षित जागा द्या, म्हणजे हात कधी सोडायचा आणि कधी सोडायचा नाही, हे त्यांचं त्यांना कळेल. मला ते पन्नाशी उलटल्यावर कळलं. शेवटी मी हात सोडला, बरं का. काहीच झालं नाही. भाची हसली, आणि म्हणाली, ‘मामा, आता पुन्हा चढ.’