सिंहांच्या देशातील मुक्काम

काळाचौकीत राहणाऱ्या माणसाने आफ्रिका फार दूर आहे असे सहसा म्हणू नये. घरातून निघून पायी भायखळ्यास गेले, तर १८६२ साली लोकांस खुल्या झालेल्या राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, आफ्रिकेचा पाणघोडा डुंबताना दिसतो आणि आफ्रिकेचीच गोरखचिंच आपले अजस्र खोड सावरून उभी असलेली आढळते. उलट दिशेने शिवडीच्या खाजणाकडे गेले, तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे चिखलात चोच घालून चरताना दिसतात. त्यांतील धाकट्या जातीचे भाईबंद टांझानियातील नेट्रन सरोवरावर लाखांनी जमून अंडी घालतात. आणि या दोहोंच्या मध्ये कॉटन ग्रीन! युगांडात पिकलेला लांब धाग्याचा कापूस मोंबासा बंदरातून मुंबईस येई आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत त्याचे सूत निघे. ज्या हातांनी ते सूत कातले, त्यांनी तो देश कधी पाहिला नाही, एवढेच.

आता त्या हातांची नातवंडे तो देश पाहावयास निघाली आहेत. अभ्युदयनगरातील एखाद्या घरी मुलगा आणि सून दोघेही मिळवती झाली, म्हणजे सुटीत महाबळेश्वराऐवजी मसाई माराचा बेत निघतो. बेत निघाला की रंगीत माहितीपत्रके येतात, आणि घरातला पहिला वाद होतो तो उतरावयाच्या जागेवरून. एकास तंबू हवा असतो, दुसऱ्यास पक्की खोली, तिसऱ्यास अंथरुणात पडल्या पडल्या हत्ती दिसावयास हवा असतो. आपल्याकडे 'लॉज' म्हटले की दादरची किंवा गिरगावची खानावळ नाही तर स्टेशनाजवळची चार खाटांची खोली डोळ्यांपुढे येते. तिकडे त्याच शब्दाने रानातले निवासगृह समजावयाचे. हा वाद दिसावयास किरकोळ आहे. परंतु त्याच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो ठाऊक असला, तर निवड डोळसपणे करता येते. म्हणून आज तोच सांगावयाचा विचार केला आहे.

आरंभ शब्दापासून करू. 'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतला. तो तेथे अरबीतून आला, आणि आपली 'सफर'ही त्याच कुळातली. स्वाहिलीत त्याचा अर्थ केवळ प्रवास. त्या भाषेत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा' म्हणतात आणि चपातीला चपातीच म्हणतात, हे ऐकले म्हणजे हा संबंध किती जुना आहे हे ध्यानात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या कल्याण बंदराचा आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचा असा दोहोंचाही उल्लेख आहे. ईशान्येचा वारा सुटला की गलबते तिकडे जात आणि नैर्ऋत्येचा सुटला की परत येत. पुढे इंग्रजी अंमलात आपला रुपया १९२० सालापर्यंत तेथे चलनात होता. एवंच, सफारी म्हणजे मूळचा व्यापाऱ्याचा आणि खलाशाचा प्रवास. त्यात मौज नव्हती, पोट होते.

या प्रवासाला वेगळे वळण लागले ते रेल्वेमुळे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले. बहुतेक पंजाबातले, कराचीहून चढलेले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले आणि सुमारे सहा हजार सातशे तेथे कायमचे राहिले. १८९८ साली त्साव्हो नदीवरील पुलाचे काम चालू असता दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी कित्येक महिने मजुरांना रात्री तंबूंतून ओढून नेले. त्या सिंहांना मारणारे कर्नल पॅटरसन यांचे पुस्तक १९०७ साली निघून जगभर गाजले, आणि सिंहांची कातडी पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात विराजमान झाली. मजुरांची नावे मात्र फारशी कोणास ठाऊक नाहीत. तंबूच्या कनातीपलीकडे सिंहाचा श्वास ऐकू येतो, या अनुभवासाठी आज मोठी रक्कम मोजावी लागते. आपल्या लोकांनी तो अनुभव मजुरी घेऊन घेतला, एवढे स्मरणात असावे.

नैरोबी शहर जन्मास आले तेही याच लोहमार्गाचा तळ म्हणून, १८९९ साली. त्या पहिल्या पत्र्याच्या वस्तीत गोव्याचे डॉक्टर रोझेंडो रिबेरो दवाखाना चालवीत आणि पाळीव झेब्र्यावर बसून रोग्यांच्या घरी जात. १९०२ साली बाजारात प्लेग आला आहे हे त्यांनीच ओळखले. गोव्याचे अनेक कारकून, शिंपी आणि आचारी मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत चढून तिकडे गेले. 'कंपाला' आणि 'करंजा' या बोटींची नावे मुंबईतील जुन्या लोकांस अद्याप आठवत असतील. ही बोटींची वाहतूक १९७६ साली संपली. आता विमान तेच अंतर पाच-सहा तासांत तोडते.

मग सफारीचा अर्थ बदलला केव्हा? त्याचे उत्तर बहुतांशी एका पाहुण्याच्या नावाने देता येते. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडून थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या एप्रिलात मोंबासास उतरले. आपल्या मजुरांनी घातलेल्या त्याच रुळांवरून त्यांची गाडी निघाली, आणि इंजिनाच्या पुढल्या भागावर बैठक घालून त्यांनी दुतर्फा चरणारी जनावरे पाहिली. त्यांच्याबरोबर दोनशेहून अधिक हमाल होते; प्रत्येकाच्या डोक्यावर सुमारे ६० पौंडांचे ओझे. त्या ओझ्यांत तंबू होते, न्हाणीचे टब होते आणि डुकराच्या कातड्यात बांधलेले एक लहानसे ग्रंथालयही होते! पिता-पुत्रांनी मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरे मारली. हा प्रवास शास्त्रीय संग्रहासाठी होता आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयास त्याचा लाभ झाला, हे खरे; परंतु श्रीमंताची सफारी म्हणजे मध्ये साहेब, भोवती नोकर आणि पुढ्यात जनावर, हे चित्र जे तेव्हा जगाच्या मनात ठसले ते अजून पुसलेले नाही. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. खुर्ची तीच राहिली.

रानातल्या निवासगृहाची प्रसिद्ध कथाही अशीच बोलकी आहे. केनियाच्या अॅबरडेअर डोंगरांत, न्येरी गावाजवळ, एका प्रचंड वडाच्या जातीच्या झाडावर १९३२ साली दोन खोल्यांचा माळा बांधण्यात आला. त्याचे नाव 'ट्रीटॉप्स'. खाली पाणवठा, वर पाहुणे. रात्रभर हत्ती आणि गेंडे येत आणि वरचे लोक श्वास रोधून पाहत. बंदुकीवाचून वन्य जनावर पाहण्यासाठी पैसे मोजावेत, ही कल्पना रुजविण्यात या माळ्याचा वाटा मोठा. ५ फेब्रुवारी १९५२ रोजी राजकन्या एलिझाबेथ तेथे राहिल्या. त्याच रात्री इंग्लंडात त्यांचे वडील सहावे जॉर्ज निवर्तले, आणि झाडावर राजकन्या म्हणून चढलेली स्त्री राणी होऊन उतरली. त्या रात्री सोबतीस होते आपल्या कुमाऊंचे जिम कॉर्बेट. त्यांचे नरभक्षक वाघांवरील पहिले गाजलेले पुस्तक १९४४ साली आपल्या मुंबईतच छापून प्रसिद्ध झाले होते. १९४७ साली ते हिंदुस्थान सोडून न्येरीस गेले आणि १९५५ साली तेथेच वारले.

ही कथा येथवरच सांगण्याची रीत आहे. तथापि तिचा पुढील भागही सांगितला पाहिजे. दोनच वर्षांनी, १९५४ साली, तो माळा जाळून टाकण्यात आला. जाळणारे माऊ माऊ बंडखोर होते. त्यांतील बहुतेक किकुयू शेतकरी. त्यांच्या सुपीक डोंगरजमिनी गोऱ्या मळेवाल्यांस दिल्या गेल्या होत्या. १९५७ साली पाणवठ्याच्या दुसऱ्या बाजूस नवा 'ट्रीटॉप्स' उभा राहिला, आणि १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला.

जमिनीचा हाच प्रश्न मसाई लोकांच्या बाबतीत अधिक तीव्र आहे. १९०४ आणि १९११ सालच्या करारांनी केनियातील मसाई धनगरांना त्यांच्या उत्तम कुरणांवरून हलविण्यात आले. पुढे प्राण्यांच्या रक्षणासाठी राष्ट्रीय उद्याने निघाली: नैरोबी १९४६ साली, त्साव्हो १९४८ साली, सेरेंगेटी १९५१ साली. सेरेंगेटीच्या मैदानात गुरे चारणाऱ्या मसाईंना १९५९ साली ते सोडावे लागले आणि शेजारच्या गोरोंगोरो प्रदेशात वस्ती करावी लागली. तेथूनही त्यांनी हलावे यावरून २०२२ साली पुन्हा मोठा तंटा उद्भवला. प्राण्यांस वाचविणे अवश्यच होते. केनियाने १९७७ साली शिकार सर्वस्वी बंद केली, हे त्या देशास भूषणावह आहे. परंतु जी जनावरे पाहावयास आपण जातो, ती ज्यांच्या गुरांबरोबर शतकानुशतके चरली, त्यांनाच कुंपणाबाहेर उभे राहावे लागावे, हा न्याय नव्हे. धरणाखाली गावे गेलेल्या मुळशीच्या आणि कोयनेच्या लोकांस, अथवा गिरणी बंद पडल्यावर तिच्याच जागेवरील मनोरे पाहणाऱ्या काळाचौकीकरास, हे फोड करून सांगण्याची गरज नाही.

असो. आता हा इतिहास निवडीच्या कामी कसा येतो ते पाहू.

पहिला विचार ऋतूचा. आमच्या शाळांची मोठी सुटी एप्रिल-मे महिन्यांत, आणि तिकडचा मोठा पाऊस नेमका मार्च ते मे. दिवाळीच्या पुढे धाकटा पाऊस सुरू होतो. सेरेंगेटी आणि मारा यांमधून नू नावाच्या कुरंगजातीची दहा लाखांहून अधिक जनावरे वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण सेरेंगेटीत त्यांची पिल्ले जन्मतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात ती मारा नदी ओलांडतात. हाच काळ आमच्या गणेशोत्सवाचा. लालबागचा माणूस तेव्हा घर सोडून कोठे जाणार? म्हणून ज्यांस शक्य असेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीचा विचार करावा. तेव्हा हवा कोरडी असते.

दुसरा विचार अंतराचा. पाच दिवसांत चार उद्याने दाखवू असे म्हणणारा माणूस उद्यान न दाखविता रस्ता दाखवितो. नैरोबीहून मारास मोटारीने पाच-सहा तास लागतात. दोन ठिकाणी तीन-तीन रात्री राहावे, हे उत्तम. निवासगृह रानाच्या आत असले तर पहाटेचा अमोल तास हाती लागतो. वेशीबाहेर असले तर खर्च कमी होतो, पण तो तास जातो. गोरोंगोरोच्या विशाल द्रोणाच्या तळाशी निवासगृहे नाहीत, ती काठावर आहेत. तो काठ समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच असल्यामुळे रात्री लोकरीचे कपडे लागतात. अनेक तंबूंच्या मुक्कामांस कुंपण नसते. अंधार पडल्यावर पहारेकऱ्यावाचून बाहेर पडावयाचे नसते. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर हे आधी विचारून घ्यावे. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. तिचा दाखला नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची पाळी येते. हिवतापाविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा.

तिसरा विचार सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच माहितीपत्रकात बहुधा आढळत नाही. ही जागा कोणाची? २००५ सालापासून माराच्या भोवती अशी कित्येक राखीव राने निघाली आहेत, की ज्यांची जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असून निवासगृहवाले त्यांस नियमाने भाडे देतात. तेथे तंबूंची आणि मोटारींची संख्या मर्यादित असते. मुख्य रानात नसलेली पायी फिरण्याची मुभाही तेथे पुष्कळ ठिकाणी मिळते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. गुरे कोठे चारावी यावरून तेथेही कुरबुर होते. परंतु जनावर जिवंत राहिले तर जमीनमालकाच्या चुलीवर काही शिजते, हे सूत्र त्यात आहे. म्हणून निवासगृहास पत्र धाडताना स्वच्छ विचारावे: भाडे कोणास मिळते? वाटाडे आणि स्वयंपाकी कोठले? पाणी कोठून येते? सरळ उत्तर आले तर जागा पसंत करावी. गोलमाल उत्तर आले तर, खिडकीतून हत्ती दिसत असला तरी, दुसरी जागा पाहावी.

श्रोतेहो, आपले पूर्वज त्या देशात वाऱ्यावर गेले, ओझी घेऊन गेले, लोहमार्गाचे रूळ टाकावयास गेले. पाहुणे म्हणून जाण्याचा योग आपल्या पिढीस आला आहे. साहेबाने रिकामी केलेली खुर्ची तेथे मांडलेली आहे. तीत बसणे सोपे आहे. पण जो मजुराचा नातू आहे, त्याने रात्री शेकोटीजवळ बसताना पहारा करणाऱ्या माणसाचे नाव विचारावे आणि त्याच्या मुलांची शाळा कोठे आहे याची चौकशी करावी, एवढी अपेक्षा फार नाही. सिंह तर दिसतीलच. ते पुष्कळांना दिसतात.