ट्यूबमध्ये काय नाही? भायखळ्याचा तुरुंग आणि एका प्रथिनाची गोष्ट

उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधून काढलेली ती ट्यूब पहिल्यांदा माझ्या हातात आली, तेव्हा तिच्यावर एवढंच लिहिलं होतं: ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन टीबीपी’. मी लेबल वाचलं आणि कामाला लागले. डीएनए, आरएनए पॉलिमरेज, बाकीचे घटक, सगळं घातलं. आरएनए तयार झाला. मग ट्रान्स्क्रिप्शन वाढवण्यासाठी प्रसिद्ध असलेलं एसपी1 घातलं, तर फरक शून्य. तीन आठवडे मी एसपी1ला नावं ठेवली. शेवटी लॅब मीटिंगमध्ये एका सीनियरने विचारलं, “अगं, शेजारी कंट्रोल काय लावला होतास?” मी गप्प.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आधी भायखळ्याला चला.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या पेटिट प्रयोगशाळेत कामाला बसले. मांसाच्या रस्स्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि ते मिश्रण टोचायचं, अशी ती लस. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथे जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली.

आता संशोधक म्हणून बघा. तुरुंग तोच, जेवण तेच, हवा तीच. काहींना सुई टोचलेली, काहींना नाही. म्हणूनच टोचलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू कमी दिसले तेव्हा त्या आकड्यांना वजन आलं. पण दोन प्रश्न उरतातच. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. जे पुढे आले ते एका गटात, उरलेले दुसऱ्या. आणि तुरुंगातल्या माणसाच्या ‘हो’ला किती मोकळीक असते? त्या तुलनेची किंमत माणसांनी मोजली होती.

आता आपल्या ट्यूबकडे. अनेक जनुकांच्या सुरुवातीजवळ टी-ए-टी-ए अशी अक्षरं असतात, तो ‘टाटा बॉक्स’. (लालबाग-परळच्या मंडळींनी हसून घ्यावं, आपल्या टाटांचा इथे काही संबंध नाही!) त्याला चिकटणारं प्रथिन म्हणजे टीबीपी. 1980 च्या दशकात ते मानवी पेशींच्या केंद्रकांच्या अर्कातून काढायचे, तेही ‘टीएफ-टू-डी’ नावाच्या अर्धवट शुद्ध मिश्रणाच्या रूपात. त्यात आणखी काय काय आहे, हे नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्क बहुतेक वेळा हेला पेशींचा. या पेशी 1951 मध्ये बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या. म्हणजे संमतीचा प्रश्न इथेही आहेच.

1990 मध्ये मानवी टीबीपीचं जनुक हाती आलं. ते ई. कोलाय जीवाणूत घातलं, की जीवाणू मानवी प्रथिन बनवून देतो. रिकॉम्बिनंट म्हणतात ते हेच. त्याच वर्षी बर्कलेत फ्रँक प्यू आणि रॉबर्ट टीजन यांनी दोन्ही शेजारीशेजारी लावून बघितलं. एकीकडे जुनं मिश्रण, दुसरीकडे शुद्ध टीबीपी, बाकी सगळं सारखं. मूळ ट्रान्स्क्रिप्शन दोन्हीकडे झालं. पण एसपी1 घातल्यावर ते वाढलं फक्त मिश्रणात. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गळून गेलं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे टीबीपीला बिलगून राहणारी दुसरी प्रथिनं. त्यांना आज आपण टॅफ म्हणतो. टीबीपी आणि डझनभर टॅफ मिळून खरं टीएफ-टू-डी होतं.

माझा ‘फसलेला’ प्रयोग हाच होता. शेजारी टीएफ-टू-डीची एक ट्यूब लावली असती, तर उत्तर पहिल्याच दिवशी समोर होतं. एसपी1 बिचारं निर्दोष होतं. उलट, टीबीपी शुद्ध असल्यामुळेच काय कमी आहे ते कळू शकत होतं. मिश्रणात ते कधीच दिसलं नसतं.

पीएच.डी. सुरू करताना एक सवय लावून घ्या. फ्रीझर उघडण्याआधी वहीत दोन रकाने आखा: ‘ट्यूबमध्ये काय आहे’ आणि ‘काय नाही’. दुसरा रकाना भरता येत नसेल तर प्रयोग उद्यावर ढकला. आणि कंट्रोल ‘वेळ नाही’ म्हणून गाळावासा वाटला, तर भायखळ्याचे ते कैदी आठवा. आपल्या कंट्रोलला लागते एक जास्तीची ट्यूब आणि अर्धा तास.